अमेरिकेतल्या एमआयटीचं 'आर्किटेक्चर स्टडीज' मास्टर्स : शाखा, निबंध, पोर्टफोलिओ आणि कागदपत्रं

गच्चीवरून

मुंबई विद्यापीठाची बी.आर्क. (आर्किटेक्चरची पदवी) आहे, ऑफिसातला अनुभव दोन वर्षांचा. शेवटच्या वर्षाचा शोधनिबंध मुंबईतल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळींवर होता: मोजणी, मजल्यांचे नकाशे आणि रहिवाशांच्या मुलाखती. एमआयटीच्या (पुण्याच्या नव्हे, मॅसॅच्युसेट्सच्या) एस.एम.आर्क.एस. म्हणजे 'मास्टर ऑफ सायन्स इन आर्किटेक्चर स्टडीज'ला पुढच्या वर्षीसाठी अर्ज करायचा आहे. अडलंय ते असं:

इतिहास-सिद्धांत-समीक्षा घ्यावं की अर्बनिझम? विषय दोन्हीकडे बसतो असं वाटतं.
पोर्टफोलिओत कॉलेजची डिझाइन्स किती आणि शोधनिबंध किती?
शिफारसपत्रं आणि ट्रान्सक्रिप्टची कामं किती आधी सुरू करावीत?
पैशाचं काय, आणि परत येऊन शिकवायचं ठरवलं तर ही पदवी इथे चालते का?

ज्यांना ही प्रक्रिया नीट माहीत आहे त्यांनी कृपया तपशिलात सांगावं.

कडीपाट

आधी शाखा नक्की करा. निबंध, पोर्टफोलिओ, शिफारस कोणाकडून घ्यायची, सगळं त्यावर ठरतं.

हा १९७९ पासून चालणारा दोन वर्षांचा संशोधन-अभ्यासक्रम आहे आणि शेवटी प्रबंध लिहावा लागतो. मुळात आर्किटेक्चरची पदवी हातात असलेल्यांसाठी तो आखलेला आहे. ही परवान्याकडे नेणारी पदवी नाही. अमेरिकेत स्वतःच्या सहीने काम करायचं असेल तर वाट एम.आर्क.ची; तो अभ्यासक्रम वेगळा आणि त्याचा अर्जही वेगळा. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची तुमची नोंदणी बी.आर्क.वर आहे, तिला याने काही होत नाही.

अर्ज करतानाच एक शाखा निवडावी लागते: डिझाइन, अर्बनिझम, बिल्डिंग टेक्नॉलॉजी, कम्प्युटेशन, इतिहास-सिद्धांत-समीक्षा किंवा आगा खान कार्यक्रम (इस्लामी वास्तुकलेचा). तुमचा अर्ज त्या शाखेचे प्राध्यापक वाचतात. 'मला इतिहासातही रस आहे आणि पुनर्विकासाचे पर्यायही सुचवायचे आहेत' असं लिहिलं की इतिहासवाल्यांना तुम्ही डिझायनर वाटता आणि अर्बनिझमवाल्यांना इतिहासकार. विषय दोन्हीकडे बसतो हे खरं असलं तरी प्रश्न एकाच ठिकाणी बसतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर कुठे सापडणार, हे स्वतःला विचारा. ते उत्तर काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राज्य अभिलेखागाराच्या फायलींत, जुन्या नकाशांत आणि अहवालांत असेल तर इतिहास शाखा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावर आज जे टॉवर उभे राहताहेत त्यांच्या नियमांत काय बदलावं, दुसरा कोणता आराखडा शक्य होता, हे चित्रांनी मांडायचं असेल तर अर्बनिझम. पहिल्याचा शेवट लिखित प्रबंधात होतो. दुसऱ्यात लेखनाइतकंच नकाशांना आणि प्रस्तावाला वजन असतं.

आगा खान कार्यक्रमाकडे आपल्याकडचे अर्जदार फारसे बघत नाहीत, पण दख्खनवर काम करणाऱ्यांनी जरूर बघावा. विजापूरची पाणीव्यवस्था, खुलताबादचे दर्गे, अहमदनगरचा फराहबाग असे विषय तिथे अगदी घरचे आहेत. तुमचा विषय तिथला नाही.

प्राध्यापकांची नावं निबंधात घालण्याआधी प्रत्येकाचा एक तरी लेख पूर्ण वाचा आणि त्या वर्षी ते रजेवर तर नाहीत ना, हे पाहा. 'अमुक सरांच्या मार्गदर्शनाखाली शिकायला आवडेल' हे वाक्य कोणीही लिहू शकतं. त्यांच्या लेखातला कोणता मुद्दा तुमच्या चाळीला लागू पडतो किंवा पडत नाही, हे लिहिलंत तरच त्या नावाचा उपयोग.

आणि एकाच ठिकाणी अर्ज करू नका. याच जातकुळीचे आणखी पर्याय आहेत: कोलंबियाचा समीक्षा-क्युरेशनचा अभ्यासक्रम, हार्वर्डच्या एम.डेस.मधला (मास्टर इन डिझाइन स्टडीज) 'नॅरेटिव्ह्ज' हा विभाग, लंडनमध्ये बार्टलेटचं आर्किटेक्चरल हिस्टरी आणि आर्किटेक्चरल असोसिएशनचं 'हिस्टरी अँड क्रिटिकल थिंकिंग'. लंडनचे दोन्ही एका वर्षाचे आहेत. त्याचा परिणाम पुढे पदवीच्या मान्यतेवर होतो. ते कोणीतरी लिहीलच.

गच्चीवरून

फार उपयोगी, धन्यवाद. मग इतिहास शाखाच. निबंधाची सुरुवात सध्या अशी आहे (इंग्रजीतलं मराठीत देते): 'मुंबईच्या समृद्ध वास्तुवारशाने मला नेहमीच भारावून टाकलं आहे. वेगाने होणाऱ्या शहरीकरणामुळे हा वारसा आज धोक्यात आहे. एमआयटीसारख्या जगप्रसिद्ध संस्थेत शिकून या क्षेत्रात योगदान देण्याची माझी इच्छा आहे.' यात काय बदलू?

ओळंबा

तिन्ही वाक्यं काढा. त्यांत बीडीडी नाही, चाळ नाही, प्रश्न नाही. 'मुंबई'च्या जागी 'लखनौ' घातलं तरी ती तशीच्या तशी चालतील. जे वाक्य कोणत्याही शहराला चालतं ते तुमच्या निबंधात नको.

तुमच्याकडे जे आहे तेच वापरून सुरुवात करून दाखवतो:

'१९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या २०७ चाळींत खोली १६० चौरस फुटांची आहे. मजल्याच्या मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या. आजच्या पुनर्विकासात या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर मिळतं. या हिशेबात बोळ कुठेच नाही. माझ्या मोजणीत मात्र पाण्याची पिंपं, शिलाई मशीन, चपलांची कपाटं आणि रात्री टाकलेली अंथरुणं त्याच बोळात आहेत. घराचं माप म्हणजे खोलीचे चौरस फूट, हे कोणत्या कागदांतून आणि कधी ठरलं, हा माझा प्रश्न आहे.'

(बोळातल्या वस्तू तुमच्या नकाशांत ज्या खरोखर दाखवल्या असतील त्याच लिहा.)

वाचणाऱ्याला इथे इमारत दिसते, विरोधाभास दिसतो आणि प्रश्न कळतो. 'मला इतिहासात रस आहे' हे वेगळं सांगायची गरज उरत नाही.

पुढच्या परिच्छेदात, उत्तर शोधायला आजवर काय केलं ते लिहा. किती मजले मोजले, मुलाखती कोणत्या भाषेत घेतल्या, कोणते कागद पाहिले. त्यानंतर काय कमी पडतंय: डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या मूळ फायली, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागद, किंवा १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळींशी तुलना. एमआयटीचं नाव इथे, म्हणजे तिथलं काय या उणिवेला उपयोगी आहे हे सांगताना यावं. त्याआधी नको.

ऑफिसच्या दोन वर्षांना एक परिच्छेद पुरे, आणि तोही प्रश्नाशी जोडलेला. एफएसआयचे (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं त्याचे) तक्ते भरले असतील, कार्पेट एरियाची गणितं केली असतील, तर ते इथे सोन्यासारखं आहे. चौरस फुटांनी घर मोजण्याची आजची रीत तुम्ही आतून पाहिली आहे, आणि हे बहुतेक अर्जदारांना लिहिता येणार नाही.

शब्दमर्यादा दरवर्षीच्या अर्जाच्या पानावर असते, तीच पाळा. एकच मसुदा चार विद्यापीठांना पाठवताना जुन्या विद्यापीठाचं नाव राहून जातं. पीडीएफ चढवायच्या आधी प्रत्येक नाव फाइलमध्ये शोधून तपासा.

टाचण

पोर्टफोलिओबद्दल. इतिहास शाखेला सुंदर रेंडरची (संगणकावर रंगवलेल्या चित्रांची) भूक नसते. तुम्ही इमारत कशी वाचता हे त्यांना बघायचं असतं. म्हणून पहिली ८-१० पानं शोधनिबंधाला द्या, त्यानंतर दोन किंवा तीन डिझाइन प्रकल्प आणि शेवटी ऑफिसचं एखादं काम. पहिल्या वर्षापासूनचे सगळे प्रकल्प क्रमाने लावणं ही सर्रास होणारी चूक आहे. त्यात सगळ्यात कच्चं काम सगळ्यात पुढे येतं.

बीडीडीचा एक मजला घ्या आणि तो एकच नकाशा पूर्ण पानभर द्या. बोळातल्या वस्तू जागच्या जागी काढा, कोणती वस्तू कोणत्या खोलीची ते दाखवा. खाली पट्टीचं प्रमाण काढा. '१:१००' असं लिहू नका, कारण पान स्क्रीनवर लहान-मोठं झालं की ते प्रमाण खोटं ठरतं.

रेषांकडे लक्ष द्या. ए१ कागदासाठी काढलेला नकाशा ए४ वर आणला की सगळं अर्ध्याहूनही लहान होतं, ०.१३ मिमीची रेष जवळजवळ दिसेनाशी होते आणि हॅचचा (भाग भरायच्या बारीक समांतर रेषांचा) काळा डाग होतो. नकाशा अंतिम मापात ठेवून रेषा नव्याने ठरवा: कापलेल्या भिंती ०.३५च्या आसपास, मागे दिसणारं ०.१३, वस्तू त्याच्या मधे. दाट हॅच काढून सपाट करडा रंग भरा. ऑटोकॅडच्या हॅचमधली प्रत्येक रेष पीडीएफमध्ये वेगळी साठते. फाइल फुगते आणि पान उघडताना अडखळते, मग वाचणारा पुढे निघून जातो. हॅच ठेवायचाच असेल तर तेवढा भाग ३०० डीपीआयचं चित्र करून बसवा.

फोटो १५० डीपीआयला पुरतात. बटरपेपरवरची हातची चित्रं ३०० डीपीआयवर, ग्रेस्केलमध्ये स्कॅन करा आणि लेव्हल्स ओढून कागदाचा पिवळेपणा घालवा. फाइलचं वजन मर्यादेबाहेर गेलं की लोक फुकटच्या संकेतस्थळावर ती दाबून घेतात आणि नकाशातली अक्षरं फुटतात. त्यापेक्षा जड पान कोणतं ते शोधून तेवढंच हलकं करा.

मजकूर ९ पॉइंटच्या खाली नको. पान आडवं ठेवा, कारण ते स्क्रीनवरच वाचलं जातं. गटाने केलेल्या कामात 'चौघांचं काम. मोजणी आणि हा छेद माझा' इतकं स्पष्ट लिहा. ऑफिसचं काम परवानगी घेऊन आणि ऑफिसचं नाव देऊनच टाका.

कडीपाट

कागदपत्रांचं मी लिहितो. अर्जाची मुदत साधारण डिसेंबर-जानेवारीच्या आसपास असते, म्हणून ही कामं ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू करा.

ट्रान्सक्रिप्टसाठी दहाही सत्रांच्या गुणपत्रिका लागतात. केटी लागली (विषय राहून पुन्हा परीक्षा दिली) असेल तर त्या प्रयत्नाचीही गुणपत्रिका जोडा; एक राहिली तरी अर्ज अडकतो. अर्जाच्या वेळी बहुतेक अमेरिकी विद्यापीठांना स्कॅन चालतं, सीलबंद अधिकृत प्रत प्रवेश मिळाल्यावर लागते. तरी दोन-तीन सीलबंद प्रती एकदमच घेऊन ठेवा. स्कॅन करताना मागची बाजूही घ्या, श्रेणीचा तक्ता तिथेच असतो. गुण स्वतःहून ४च्या प्रमाणात बदलू नका. विद्यापीठाने जसे दिले तसेच भरा.

नावाचा घोळ आपल्याकडे नेहमीचा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, वडिलांचं आणि आईचं नाव. पासपोर्टवर वेगळा क्रम. अर्ज, इंग्रजीची परीक्षा आणि पुढे व्हिसा, सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच भरा. टोफेलचं नाव वेगळं पडलं तर गुण तुमच्या अर्जाला जोडलेच जात नाहीत, आणि ते शोधण्यात दिवस जातात. टोफेल-आयईएलटीएसचे गुण दोन वर्षं चालतात.

शिफारसपत्रं तीन. तुमच्या बाबतीत शोधनिबंधाचे मार्गदर्शक, इतिहास किंवा सिद्धांत शिकवणारे प्राध्यापक आणि ऑफिसचे प्रमुख. प्राचार्यांचं पत्र मोठ्या हुद्द्याचं म्हणून घेऊ नका. ज्यांनी तुमचं लेखन वाचलंय त्यांचंच घ्या. 'तूच लिहून आण, मी सही करतो' हे उत्तर अपेक्षित धरा आणि तयारीनेच भेटा. पत्र लिहून देऊ नका, पानभर टिपण द्या: त्यांच्या हाताखाली काय केलं, कोणत्या मुद्द्यावर त्यांनी पुन्हा लिहायला लावलं, त्यानंतर काय बदललं. सोबत निबंधाचा मसुदा आणि मुदतीची तारीख. एकाच हाताने लिहिलेली तीन पत्रं दुसऱ्या परिच्छेदात ओळखू येतात आणि मग तिन्हींवरचा विश्वास जातो.

पत्र मागणारी लिंक थेट सरांच्या मेलवर जाते आणि पुष्कळदा स्पॅममध्ये पडते. सहा आठवडे आधी विचारा, लिंक पाठवलीत त्याच दिवशी फोन करून 'आली का' ते पाहा. कॉलेजचा मेल पत्ता असेल तर तोच द्या. जीमेलच असेल तर पत्र लेटरहेडवर, हुद्द्यासह हवं. पत्र पाहण्याचा हक्क सोडता का असं अर्जात विचारतात, तिथे 'सोडते' म्हणा. न सोडल्यास पत्राची किंमत कमी धरली जाते.

मुदत पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार रात्री ११:५९ अशी असेल तर हिवाळ्यात आपल्याकडे ती दुसऱ्या दिवशी सकाळी १०:२९ ला संपते. तेवढ्यावर विसंबू नका. शेवटच्या तासांत फाइल चढता चढत नाही.

हिशेबवही

पैसा आणि मान्यता.

शिकवणी शुल्कच वर्षाला ६० हजार डॉलरच्या वर आहे, केंब्रिजमध्ये (एमआयटीच्या गावी) राहण्याचा खर्च वेगळा. काहींना विभागाकडून शुल्कात सूट किंवा सहायकाचं काम मिळतं. अर्जात आर्थिक मदतीचा रकाना असेल तर तो रिकामा सोडू नका आणि प्रवेशपत्र आल्यावर मदत वाढवून मिळेल का, हे लेखी विचारा. दुसऱ्या विद्यापीठाने जास्त देऊ केलं असेल तर ते पत्र सोबत जोडा.

बाहेरच्या शिष्यवृत्त्यांत फुलब्राइट-नेहरू मास्टर्सला पूर्ण वेळ तीन वर्षांचा अनुभव लागतो. तुमचे दोनच आहेत, शिवाय तिथे नुसतं आर्किटेक्चर बसत नाही, शहर नियोजन किंवा वारसा जतन अशा दाराने जावं लागतं. तो यंदा सोडा. इनलॅक्सकडे बघा, वयाची अट तपासून. जे. एन. टाटा एन्डॉवमेंट १८९२ पासून आहे, पण ती कर्ज-शिष्यवृत्ती आहे; परतफेड धरूनच हिशेब करा. राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या प्रवर्गानुसार वेगवेगळ्या विभागांकडे आहेत. अनुसूचित जातींसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, इतर प्रवर्गांच्या योजना वेगळ्या. विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, एमआयटीला तिची अडचण नाही. उत्पन्नाची मर्यादा आणि तारखा मात्र त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच घ्या. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून वेळेत काढून ठेवा.

बँकेच्या मोठ्या कर्जाला तारण लागतं आणि शेतजमीन सहसा घेत नाहीत. फ्लॅट किंवा एनए प्लॉटचे कागद, भार नसल्याचा शोध-अहवाल आणि मूल्यांकन यात महिना सहज जातो. आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म) यायच्या आधीच बँकेशी बोलणी सुरू करा.

पदवीनंतर अमेरिकेत १२ महिने काम करता येतं. आणखी २४ महिने मिळणार की नाही हे आय-२० वरच्या सीआयपी कोडवर (अभ्यासक्रमाच्या विषयाच्या क्रमांकावर) ठरतं. ०४.०९०२ हा कोड मुदतवाढ मिळणाऱ्या विषयांच्या यादीत आहे, ०४.०२०१ नाही. कोणत्या शाखेला कोणता कोड लागतो हे प्रवेश स्वीकारण्याआधी विभागाला मेल करून विचारा. कोणाच्या ऐकीव माहितीवर कर्जाचं गणित मांडू नका.

भारतात शिकवायला परदेशी पदवीचं समकक्षता प्रमाणपत्र (ती इथल्या पदवीच्या बरोबरीची असल्याचं) मागतात. दोन वर्षांच्या पदवीचं काम तुलनेने सरळ आहे. लंडनचा एका वर्षाचा पर्याय निवडणाऱ्यांनी सावध राहावं. २०२२ मध्ये भारत-ब्रिटन करारात ब्रिटनच्या एकवर्षीय मास्टर्सला मान्यता मिळाली, पण वैद्यक, कायदा, अभियांत्रिकीबरोबर आर्किटेक्चरच्या व्यावसायिक पदव्याही त्या करारातून वगळल्या आहेत. आर्किटेक्चरल हिस्टरीची एम.ए. कोणत्या बाजूला धरतील, हे ज्या कॉलेजात शिकवायचं आहे त्यांच्याकडून आणि कौन्सिलकडून लेखी घ्या.

गच्चीवरून

सगळ्यांचे मनापासून आभार. एकच राहिलं. इतिहास शाखेला लेखनाचा नमुना द्यायचा आहे. शोधनिबंध ९० पानांचा आहे आणि मुलाखती मराठीत. तो इंग्रजीत आणताना काय सांभाळू?

ओळंबा

अख्खा निबंध देऊ नका. बोळावरचं एक प्रकरण उचला आणि १५-२० पानांत ते स्वतंत्र लेख म्हणून उभं राहील असं बांधा. बी.आर्क.च्या निबंधात पहिली ३० पानं 'चाळ म्हणजे काय' आणि 'जगातली कामगार-घरं' यांची असतात. ती पूर्ण गाळा. सुरुवातीला अर्ध्या पानाची टीप द्या की हे मोठ्या कामातलं प्रकरण आहे आणि नमुन्यासाठी नव्याने लिहिलं आहे.

मुलाखतीतलं महत्त्वाचं वाक्य मुख्य मजकुरात इंग्रजीत, मूळ मराठी तळटीपेत, आणि अनुवाद तुमचा आहे हे एकदाच नोंदवा. बोलणाऱ्याचं नाव न देता चाळ, मजला, वयोगट आणि मुलाखतीची तारीख द्या. तळटीपा शिकागो पद्धतीने, आणि अभिलेखागाराच्या फायलीचा विभाग, वर्ष, खंड, पान सगळं पूर्ण. 'महाराष्ट्र शासनाचे दस्तऐवज' एवढ्यावर भागत नाही.

चाळ, खोली, बोळ, मोरी हे शब्द इंग्रजीत बदलू नका. पहिल्यांदा येतील तिथे एका वाक्यात अर्थ सांगा, आणि रोमन लिपीत जे स्पेलिंग धराल तेच नकाशावर, मजकुरात आणि पोर्टफोलिओतही ठेवा.